खाडीची चव

आम्हां कऱ्हाडच्या माणसांना पाणी म्हणजे एका दिशेनं जाणारं पाणी. कोयना येते, कृष्णा येते, दोघी समोरासमोर भेटतात आणि सांगलीच्या वाटेला लागतात. तीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत या पाण्याच्या बाटल्या भरल्या, तपासल्या, रजिस्टरं लिहिली. त्यामुळं पाण्याबद्दल मला कुणी काही शिकवावं असं आता उरलेलं नाही, अशा गुर्मीत मी या माघात चार दिवसांसाठी नवी मुंबईला गेले. घरी परत आले तेव्हा ती गुर्मी तिथल्या चिखलात राहिली होती, आणि उजव्या पायातली चप्पलही.

जायचं कारण नजमा. कोल्हापूरला कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती म्हसळ्याकडची कोकणी मुसलमान. मी कऱ्हाडची, आमच्या घरात मासा सोडाच, अंड्याचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावायची. नजमा बोंबलाच्या आठवणीनं रडायची आणि मी तिला शेंगदाण्याची चटणी वाढायचे. पुढं ती तुर्भ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली, आता निवृत्त होऊन घणसोलीत अकराव्या मजल्यावर राहते. गेली सहा वर्षं तिला एकच वेड आहे. सोसायटीमागचा नाला, आणि तो जिथं मिळतो ती खाडी. फोनवर दुसरा विषयच नाही. शेवटी म्हणाली, "सुले, तूच ये आणि तपासून सांग. इथं आम्ही सगळे आशा लावून बसलोय. आमचं आम्हालाच खरं वाटत नाही."

पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं हातातलं यंत्र आणि अर्धा डझन बाटल्या पिशवीत टाकल्या आणि निघाले.

गुरुवार, नाल्याच्या काठानं

नाला म्हटल्यावर मी नाकाला पदर लावूनच खाली उतरले. नजमा नुसती बघत राहिली. दहा पावलं गेल्यावर माझ्याच लक्षात आलं की पदर लावायचं काही कारणच नाही. हळूच सोडला. ती तेवढ्यासाठीच थांबली होती बहुतेक.

हा नाला पारसिकच्या डोंगरातून निघतो, कारखान्यांच्या पट्ट्यातून येतो, हमरस्त्याखालून जातो, मग सोसायट्यांच्या पाठीमागून घणसोली गावाच्या कडेनं खाडीत उतरतो. आम्ही कारखान्यांच्या बाजूनं खाली चालत आलो. पूर्वी इथं रोज वेगळ्या रंगाचं पाणी यायचं म्हणे. कुणाचा तरी एक पाइप चोरून नाल्यात सोडलेला होता. कुणाचा ते मी लिहीत नाही, नजमानं शपथ घातलीय. दोन वर्षं अर्ज, चकरा आणि फोटो केल्यावर तो बंद झाला.

"पाइप बंद झाला आणि वास तसाच," नजमा सांगत होती. "आम्ही परत कारखान्यांच्या नावानं ओरडायला तयार. मोर्चाचे बोर्डपण रंगवून ठेवले. मग मलाच शंका आली. म्हटलं, आधी आपल्या घरचं बघू."

तिनं काय केलं, तर खायचा गुलाबी रंग बादलीभर पाण्यात कालवला, आपल्या अकराव्या मजल्यावरच्या संडासात ओतला आणि लिफ्टनं खाली येऊन नाल्याच्या कठड्याला उभी राहिली. सोबत सोसायटीचे सेक्रेटरी.

"पाच मिनिटं गेली, दहा गेली. काय नाय. म्हटलं चला, आपण सुटलो. आणि मग आला ना, सुले. गुलाबी. माझ्या डोळ्यांसमोर. सेक्रेटरींचा चेहरापण तसाच झाला."

बांधणाऱ्यानं मैल्याची लाइन सरळ पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडून दिलेली. दोन वर्षं ही मंडळी दुसऱ्याच्या नावानं खडे फोडत होती आणि रोज सकाळी स्वतःच नाला भरत होती. दुसऱ्या कुणी हे दाबून टाकलं असतं. या लोकांनी मोर्चाचे तेच बोर्ड उलटे केले, कोऱ्या बाजूवर 'आपापली लाइन तपासा' असं लिहिलं आणि रंगाच्या पुड्या घेऊन सोसायटी-सोसायटी फिरले. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी वॉचमननं फाटकातूनच परत पाठवलं. पण एकेक लाइन वळत गेली. मला हे ऐकून नजमाचा इतका अभिमान वाटला की मी तिला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "बस कर, मला पुढं दाखवायचंय."

पुढं जे दाखवलं ते बघून मी खरोखर थांबले. नाल्यावर आडवी जाळी बांधलेली होती आणि वरून वाहून आलेलं प्लॅस्टिक तिला अडकून पडलेलं. जाळीच्या खाली, पाण्यावर बांबूचे तराफे तरंगत होते आणि त्यांत कर्दळ आणि वाळा लावलेला. नजमानं एक तराफा काठीनं उचलून धरला. खालच्या मुळ्या हातभर लांब, केसांसारख्या दाट, आणि सगळ्या गाळानं लडबडलेल्या. पाण्यातली घाण ती झाडं मुळांनी धरून ठेवत होती. कर्दळीच्या फुलावर चतुर बसले होते. कठड्यावरून एक खंड्या सूर मारून गेला आणि चोचीत काहीतरी चमकतं घेऊन वर आला. मी आयुष्यभर पाणी शुद्ध करण्याच्या खात्यात होते, तुरटी आणि क्लोरिन यांच्यापलीकडं माझी अक्कल कधी गेली नाही. इथं झाडं बिनपगारी तेच काम करत होती. मी कितीतरी वेळ तिथंच उभी राहिले.

शुक्रवार, भरतीच्या पाण्यात

घणसोली गाव म्हणजे टॉवरांच्या मधे राहिलेलं जुनं गाव. घराला घर लागलेलं, वर भाडेकरूंचे मजले चढवलेले, खाली मोबाइल रिचार्जची दुकानं. त्यातल्या एका घरात बालारामदादा आणि हिराबाय राहतात. पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगलेलं घर. दादा साठीचे, बारीक, बोलायला कमी. हिराबाय उंच, आवाजानं खणखणीत. त्या दिवशी मात्र त्या कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. चहा दिला आम्हाला, स्वतः घेतला नाही.

"आठ दिस मिश्री बंद, चहा बंद, मिरची बंद," दादा हसून म्हणाले. "पुनवेपर्यंत तिच्या जवल कोन जानार नाय."

का, ते त्यांनी होडीत सांगितलं. नजमा, मी आणि दादा अशी तिघं निघालो होतो. त्यांच्या घराण्यात रीत आहे. माघातल्या पुनवेला नाल्याच्या तोंडाशी पाग, म्हणजे फेकायचं गोल जाळं, टाकायचं. पहिली बोय मिळेल ती घरी न्यायची. बोय हा खाडीतला साधा रुपेरी मासा. ती बिनमिठाची, बिनहळदीची, नुसत्या पाण्यात शिजवायची आणि घरातल्या मोठ्या बाईनं चाखायची. तिची जीभ कोरी पाहिजे, म्हणून आठ दिवसांचं पथ्य. ती 'चालंल' म्हणाली तर खाडीची मासळी त्या वर्षी घरात शिजणार आणि गावदेवीला चढणार.

"बोयच का?" मी विचारलं.

"जिताडा मासा फिरस्ता. आज इथं, उद्या उरनला. बोय इथल्या चिखलातच खाते, चिखलातच राहते. खाडीच्या पोटात काय हाय ते तीच सांगते." दादांनी वल्हं थांबवलं. "पूर्वी हा नुसता मान होता. बोय वाईट निघायचीच नाय. मंग एका वर्साला माझी आई चाखली आन थुकली. बोलली, घासलेट. तवापासून दर वर्साला घासलेटच. आईमागं हिरा चाखते. ती पन तेच बोलते."

तेव्हापासून दादांची होडी वर्षातून त्या एका दिवशी जाळं घेऊन उतरते, आणि एरवी नजमाच्या मंडळींबरोबर प्लॅस्टिक गोळा करायला. या वर्षी त्यांनी ठरवलं होतं. घासलेट निघालं तर होडी द्यायची. उरणचा एक माणूस रविवारी संध्याकाळी घेऊन जायला येणार होता. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, होडीच्या काठावरून हात फिरवत होते.

मला फार वाईट वाटलं. मी लगेच यंत्र काढलं आणि पाण्यात सोडलं. आकडा असा आला की आमच्या कोयनेनं लाजावं. मी दुसऱ्यांदा सोडलं, तिसऱ्यांदा सोडलं. तोच आकडा. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, या लोकांची काळजी मी जेवायच्या वेळी एका वाक्यात संपवते.

तेवढ्यात पाणी उतरायला लागलं होतं. आधी मला कळलंच नाही. तिवरांच्या, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या त्या झाडांच्या, बुंध्यांवर ओली रेघ दिसायला लागली, मग पाणी त्या रेघेच्या हातभर खाली गेलं, मग समोर जिथं मघाशी नुसतं पाणी होतं तिथं चकाकणारा चिखल उघडा पडला. चक्क जमीन वर आली. आणि त्या जमिनीवर आभाळातून रोहित पक्षी उतरायला लागले. फ्लेमिंगो म्हणतात तेच. मी मोजायला गेले आणि सोडून दिलं. गुलाबी रांगांवर रांगा, मागं काचेच्या इमारती, वरून विमान. सगळ्यांच्या माना खाली, चोची उलट्या चिखलात, आणि एक घोगरी बडबड, लग्नात पंगत बसल्यावर हॉलभर होते तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नजमानं बघितलं आणि तोंड फिरवून बसली, म्हणजे मला लाज वाटायला नको.

दुपारी हिराबायकडं जेवण. माझ्यासाठी मुद्दाम वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. भाकरी अशी की मी कौतुक करता करता थकले, पण बिरडं विलक्षण खारट. पहिला घास घेतला आणि टाळू चरचरली. मी आजूबाजूला बघितलं. दादा मान खाली घालून जेवत होते, मधेच पाणी पीत होते. नजमानं आणखी एक भाकरी मागून घेतली. मी मनात नोंद केली की मिठागरांच्या काठची माणसं, इथं मीठ सढळच खात असणार. आमच्याकडं तिखटाचं असतं तसं. आणि पाहुणीच्या अदबीनं सगळं संपवलं.

जेवता जेवता मी आकडा सांगितला. पाणी उत्तम आहे, बोय पास होणार, निर्धास्त राहा, असं अगदी साहेबाच्या आवाजात.

दादा हात धुऊन आले. "ताई, तुमी पानी कवा घेतला?"

"अकराच्या सुमाराला."

"तवा भरती पुरी होती. ता पानी दर्याचा. पावना. आला, बसला, गेला. आमचा पानी ओहोटीला बघा."

तोंडात मारल्यासारखं झालं. तीस वर्षं नमुने घेतले मी, पण माझी नदी कधी उलटी फिरली नव्हती. पाणी परत येतं हेच मुळात माझ्या हिशेबात नव्हतं.

शनिवार, ओहोटी

दुपारी चारनंतर हिराबाय मला ओहोटीत घेऊन गेल्या. नजमाला तराफ्यांच्या कामाला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघीच. त्या अनवाणी, साडीचा काष्टा मारलेला. मला म्हणाल्या, "चप्पल काडा." मी म्हटलं, राहू दे, सवय नाही. बांधावरून खाली तिसरं पाऊल टाकलं तो उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. हिराबायनं काखेत हात घालून मला उपटून काढलं. पाय आला, चप्पल आली नाही. दोघींनी कोपरापर्यंत हात घालून शोधली. खाडीनं ती दिली नाही.

पण त्या चिखलाबद्दल मी काय सांगू. लांबून बघितला तर काळा, मेलेला. वाकून बघितला तर तो हलत होता, सगळाच्या सगळा. बोटाच्या पेराएवढे खेकडे, प्रत्येकाची एक नांगी लाल आणि अंगाहून मोठी, सगळे ती वरखाली हलवत कुणाला तरी बोलावत होते. निवट्या नावाचे मासे चिखलावर चक्क चालत होते, परांवर अंग रेटत, डोळे डोक्यावर. मासा चालतो हे मी पासष्टीजवळ आल्यावर बघितलं. तिवरांची मुळं जमिनीतून वर आलेली, पेन्सिली रोवाव्यात तशी. झाडं त्यांतून श्वास घेतात. आणि या मोठ्या झाडांच्या पुढं, पाण्याच्या बाजूला, नजमाच्या मंडळींनी लावलेली कंबरेएवढी नवी रोपं. त्यांच्याही बुडाशी बारीक बारीक पेन्सिली यायला लागल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी इथं नुसत्या पिशव्या होत्या म्हणे.

नाल्याच्या तोंडाशी, ओहोटीच्या शेवटच्या पाण्यात मी यंत्र सोडलं. कालच्या आकड्याच्या निम्म्याचंही निम्मं. मी पुसून परत सोडलं. तेच. पाणी मेलेलं नव्हतं, पण दुखणाईत होतं. अंथरुणावरून उठून नुकतं बसायला लागलेल्या माणसासारखं.

आम्ही बांधावर पाय धुवायला बसलो. मला खोटं बोलता येत नाही, मी जे होतं ते सांगितलं. आणि हेही सांगितलं की माझं यंत्र नुसता श्वास मोजतं. त्याला घासलेट कळत नाही. ते उद्या तुमच्या जिभेलाच कळणार.

हिराबायनं पायाचा चिखल खरवडला. मग म्हणाल्या, "ताई, माझ्या जिभेला काय कलत नाय."

मला आधी वाटलं, मिश्री सुटल्यामुळं म्हणतायत.

"त्या साथीत ताप आला ना मना. तवा वास गेला, चव गेली. सगल्यांची परत आली, माझी नाय आली. भाकर काय आन पुठ्ठा काय, सगला एकच. कोनाला सांगितला नाय. घरातली मोठी बाई मी. चाखायचा मान माझा. आन मीच आंधली."

"मग दर वर्षी घासलेट कसं म्हणता?"

"भीतीनं," त्या म्हणाल्या. "आधी निघायचाच, म्हनून मी पन तोच बोलत गेलो. चांगला बोललो आन पोरं आजारी पडली तर? पन ताई, गेल्या वर्साला बोय चांगली असंल तर? नजमाबाय येवढी मेहनत करते. आन माझ्या तोंडच्या खोट्या बोलन्यावर म्हाताऱ्यानं होडी इकायला काडली." त्यांचा खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. "त्याच्या बापानं दिलेली होडी हाय ती."

मग त्यांनी माझा हात धरला. "उद्या तुमी चाखा. तुमी पानी तपासनाऱ्या. मी सांगीन सगल्यांना."

"हिराबाय, मी जन्मात मासा खाल्ला नाही."

"म्हनूनच. आमची सगल्यांची जीब आशा लावून बसलीय. तुमची कोरी."

रात्री मला झोप लागली नाही. आई आठवली, चूळ भरायला लावणारी. पण खरं सांगू, आईपेक्षा जास्त भीती मला चुकायची वाटत होती. नमुना चुकला तर परत घेता येतो. होडी गेली की गेली.

रविवार, पुनव

सकाळी पाणी चढायला लागलं तशी दादांनी नाल्याच्या तोंडाशी पाग फेकली. पहिल्यांदा रिकामी आली. दुसऱ्यांदा दोन खेकडे. तिसऱ्यांदा बोय, वीतभर, रुपेरी. दादांनी ती दोन्ही हातांत धरली आणि घराकडं निघाले. नजमा आणि मी मागून.

मातीच्या भांड्यात नुसत्या पाण्यात बोय शिजली. हिराबायनं ती थाळीत काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "या वर्साला ताई चाखतील," त्या म्हणाल्या. "त्यांचा तो धंदाच हाय." नजमानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही माझं डोकंच फिरलंय. दादांनी बायकोकडं बघितलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाले, "बरा."

पाणी चाखायची आमची एक पद्धत असते. नमुना कोमट करायचा, डोळे मिटायचे, आधी वास, मग जीभ, मग थांबायचं. घाई करायची नाही. रजिस्टरात 'वास व चव' असा रकाना असतो आणि त्यात मी हजारो वेळा लिहिलंय : आक्षेपार्ह नाही. मी डोळे मिटले. वास घेतला. पाठीवरचा तुकडा जिभेवर ठेवला. थांबले. घासलेट शोधलं, जिभेच्या टोकाला, कडांना, मागं घशाशी. नव्हतं. दुसरा तुकडा घेतला, पोटाकडचा. नव्हतं. मग मी डोकं उचललं, कल्ले उघडले आणि नाक लावलं. तिथं होतं. पुसट, पण होतं. गॅरेजवरून चालत जाताना येतो तेवढा वास.

डोळे उघडले तर तिघंही माझ्या तोंडाकडं बघत होती.

"मास चांगलं आहे," मी म्हणाले. "पाठ चांगली, पोट चांगलं. घासलेट नाही. डोक्यात, कल्ल्यांत अजून थोडं आहे. खोटं सांगणार नाही."

नजमानं ओढणी डोळ्यांना लावली. दादा उठले, फोन घेऊन दारात गेले. आम्हाला इतकंच ऐकू आलं, "नाय, येऊ नको. होडी देत नाय." परत येऊन जागेवर बसले. म्हणाले, "डोका पुडच्या वर्साला."

हिराबायला ते सहन झालं नाही. "अवो, मना चव कलत नाय," त्या एकदम बोलून गेल्या. "तापापासून. मी तुमाला फसवला."

"म्हाईत हाय."

"कसा?"

"रोज बिरड्यात मीठ दोनदा पडतंय," दादा म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिठागरांच्या काठची माणसं म्हणे. तो बिचारा माणूस इतकी वर्षं रोज ते खात होता आणि वर पाणी पीत होता.

"मंग बोलला का नाय?"

"तू नाय बोललीस, म्हनून मी नाय बोललो."

"आन म्हाईत असून माझ्या बोलन्यावर होडी इकायला काडली?"

दादांनी खांदे उडवले. "चाखायचा मान तुजा हाय. तू बोललीस ता खरा."

हिराबाय त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग थाळी आपल्याकडं ओढली, पाठीचा एक तुकडा काढला आणि तोंडात ठेवला. आठ दिवसांची उपाशी, कोरी जीभ. चावायला लागल्या. आणि मला म्हणाल्या, "ताई, कसा लागतो ता सांगा."

आक्षेपार्ह नाही, एवढंच मला लिहिता येत होतं. ते पुरणार नव्हतं. मी परत एक तुकडा घेतला, डोळे मिटले आणि सांगायला लागले. "आधी खारट लागतं, पण हलकं. घामाचं असतं तेवढं. मग मऊ. शेवग्याच्या शेंगेतला गर असतो ना, तसं सुटतं. मग चिखल. घाण नाही, पाऊस पडून गेल्यावर अंगणात वास येतो तसा. आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, गोडसर राहतं. नव्या तांदळाच्या पेजेसारखं."

त्याही डोळे मिटून चावत होत्या, माझ्या शब्दाबरोबर एकेक, सावकाश. गिळून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"हां," त्या म्हणाल्या. "असाच लागायचा."